एलादिओमामाची बरणी

मामाच्या फडताळात,
मीठ आणि तमालपत्र यांच्या मध्ये,
मधाच्या जुन्या बरणीत
एकवीस वर्षं डांबर होतं.

त्या हिवाळ्यात गालिसियाच्या किनाऱ्यापासून दूर
तेलाचं एक जहाज दुभंगलं.
तो दर वेळी आधी हेच सांगतो:
लाटेला आवाज नव्हता.
काळी, जाड, यायची आणि तशीच बसून राहायची.
हातमोजे संपले, फावडी संपली,
मग बायकांनी घरातले डाव आणले.
मामाचा एक खडक होता, पेर्सेबेस काढायचा,
बापाकडून आलेला, कुठल्याच कागदावर नसलेला.
तो त्याने खरवडला.
खरवडलेलं बरणीत भरलं, वर बोटभर समुद्र,
काचेवर शाईने खूण केली, इथपर्यंत,
आणि तारीख घातली.
"कोर्टात दाखवीन."

कोर्टाने बरणी मागितलीच नाही.
निकाल लागला तेव्हा
दोरिंदामामीला जाऊन तीन वर्षं झाली होती.
कंपनीने नाव बदललं, मग पत्ता, मग देश.

मी बुरशीवर काम करते
हे मामाला नीट पटवून देता आलं नाही कधी.
"पावावर येते ती?"
"तिचीच चुलत बहीण. खाऱ्या पाण्यातली."
"आणि त्याचा पगार देतात?"

नोव्हेंबरात चेस्टनट भाजायला गेले होते.
तमालपत्र काढायला खुर्चीवर चढले
आणि तिथेच थांबले.
बरणीत डांबरावर काहीतरी उगवलं होतं.
राखाडी, मऊ,
मांजराच्या पिल्लाच्या कानातली लव असते तसं.
झाकणाची एक कड गंजली होती, तेवढीच काय ती हवा.
एकवीस वर्षं आमच्या घरात कुणीतरी
दुसरं काहीच न खाता राहत होतं.

"मामा, ही डांबर खाते."

त्याने बरणी खिडकीपाशी नेली. चष्मा लावला.
डांबर शाईच्या खुणेच्या
चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता.
"पुरावा होता तो," मामा म्हणाला.
"कुणाला विचारून खाल्ला?"

मी समजावलं:
हिला तोंड नसतं, नुसते धागे,
आधी बाहेर रस सोडते, अन्न फोडते,
मग थोडं थोडं आत घेते.
"म्हणजे वकिलांच्या उलट," तो म्हणाला,
पण हसला नाही.
बरणी दिली नाही.
उलट त्या फडताळाला कुलूप लावलं.

जानेवारीत बसने आला, ला कोरुन्याला,
बरणी मामीच्या शालीत, मांडीवर.
"पावती दे."
मी लिहिलं: मिळाले, डांबर, बरणी एक, अपूर्ण.
त्याने 'अपूर्ण'वर बोट ठेवलं, बराच वेळ,
मग घडी करून टोपीत ठेवली.

नोंदवहीत वाणाला नाव लागतं.
मी त्याचं घालणार होते.
"दोरिंदा लिही," म्हणाला.
"रोज म्हणायची, फेकून द्या ते, घरात वास मारतो.
मी दिवाणखान्यात झोपलो एक महिना,
पण फेकलं नाही."

चाळीस दिवस हलत्या फ्लास्कमध्ये समुद्राचं पाणी,
त्यात दोरिंदा, त्यात तेल.
एक तृतीयांश गेलं.
मी फोनवर सांगितलं, आणि हेही सांगितलं
की फ्लास्क म्हणजे समुद्र नव्हे,
तिथे थंडी असते, लाट असते, भूक लागलेले दुसरेही असतात.
"उरलेलं कुठे जाईल?"
माहीत नाही, म्हणाले.
"बरं," तो म्हणाला. "निदान तू तसं म्हणतेस."

फडताळात बरणीच्या बुडाचा काळा गोल आहे अजून.
तो पुसत नाही,
तिथे दुसरं काही ठेवतही नाही.

रात्री प्रयोगशाळेतला दिवा घालवताना
मी फ्लास्क मोजते.
दोरिंदा एक, दोरिंदा दोन, नऊपर्यंत.
सातवी अजून काहीच खात नाही.
तिच्यासाठी पाणी थोडं कोमट करून पाहणार आहे उद्या.